भांगाचे दिवस

श्रीपादने पहिली वही विश्वामित्रीपासून सुरू केली होती.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर तो तासभर ओणवा उभा,
खाली काठावर दोन मगरी, ओल्या पोत्यांसारख्या.
घरी येऊन त्याने पान खोडलं, शेजारी लिहिलं:
‘प्रस्थान चांदोदहून. टेम्पोभाडं विचारणे.’

आमचं आडनाव पागे.
आडनावातच घोडे बांधलेले.
गुजरातेत आलो ते टापांवर आलो,
नर्मदा उतरताना घोड्यांच्या आयाळी धरून
डोळे मिटले असणार.
तेव्हापासून घरात कुणी होडी घेतल्याची नोंद नाही.
श्रीपादने घेतली. अठरा फुटी, फायबरची, जुनी,
सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली,
आणि दर महिन्याला सेक्रेटरींची चिठ्ठी:
दुचाकीच्या जागेत सदर वस्तू.

जेवणाच्या टेबलावर आता जेवण नसतं.
नकाशे असतात, कोपऱ्यांवर डबे ठेवून सपाट केलेले.
रेल्वेत ड्राफ्ट्समन होता, किनारासुद्धा
रूळ आखावा तसा आखतो.
मालसर, शुक्लतीर्थ, भरूचचा सोन्याचा पूल.
भाडभूतला बंधारा होतोय; होडीला वाट ठेवणार का?
चार फोन केले, चौघांनी पाचवा नंबर दिला.
मग आखात. मग दमण, डहाणू, सातपाटी,
मुंबई ‘बाहेरून, रात्री, दिवे लावून’,
शेवटी देवगड, आणि देवगडपुढे, बारीक अक्षरात:
आंबे असतील का?

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं.
त्याच्या बेरजा लाल पेनने तपासते.
ताशी चार मैल धरलेस, ठीक.
उलटं पाणी कुठे धरलंस?
तो चष्मा पुसतो. रुळाला उलट सुलट नसतं, म्हणतो.

भरूचचे जीवणभाई टंडेल फोनवर हळू बोलतात,
जणू आखात शेजारच्या खोलीत झोपलंय.
‘बेन, पूनम-अमासला नका जाऊ. आठमला जा.
तेव्हा पाणी भांडत नाही.’
हर्णैची मावशी याला भांग म्हणायची.
मला भांग केसांतलाच माहीत होता,
तोही आता इतका रुंद
की त्यातून होडी जाईल.

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हेही मावशीचंच.
सप्तमी, सव्वापाच.
मी हौसेने पंधरवड्याचा तक्ता करून दिला.
जीवणभाई म्हणाले, हे तुमच्या कोकणचं घड्याळ,
आमचं मागे चालतं.
तक्ता फाडला नाही. डहाणूच्या पुढे लागेल.

यादी फ्रिजवर लावली आहे:
दोर दोनशे फूट. नांगर दोन.
उन्हात चमकवायला आरसा.
सुईदोरा, ओआरएस, लीलो चिवडो सहा पाकिटं.
पाणी साठ लिटर.
माणसं एक.

एकच्या खाली दोन दिसतो अजून.
कुंदा गेली त्या आठवड्यात त्याने तो आकडा
खोडरबरने पुसला, नीट पुसला गेला नाही.
तिथे मी लाल पेन लावलेलं नाही.

सकाळी सहाला मी दूध आणायला जाते
असं श्रीपादला वाटतं.
लालबागच्या तलावात क्रिना नावाची
वीस वर्षांची पोरगी माझी मान तळव्यावर धरते.
‘मासी, पाणी पकडू नका. ते कुठे जात नाही.’
सदुसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणी
काहीही न पकडायला सांगतंय.
नाकात क्लोरीन, कानात कुणाच्या तरी पाय मारण्याचा आवाज,
वर पत्र्याच्या फटीतून कबुतर.

काल अकरापर्यंत तरंगले.
बाराला पाय तळ शोधायला गेले.

घरी येऊन फ्रिजवरच्या साठला दोनने गुणलं,
पेन्सिलने, हलकं.
दूध आणायचं राहिलंच.
होडीला एकूण वजन किती चालतं,
हे त्याने तिन्ही वह्यांत कुठेच लिहिलेलं नाही.